क्षयरोग्याचे औषध आणि कुटुंबाची डाळ

क्षयरोगाच्या उपचारात सकस आहाराला फारसे महत्त्व नाही, हे १९५९ साली सिद्ध झाले, असा समज आपल्याकडे दीर्घकाळ रूढ होता. त्या वर्षी मद्रासच्या क्षयरोग केंद्राचा जगप्रसिद्ध अभ्यास प्रकाशित झाला. १९३ रुग्णांपैकी काहींना आरोग्यधामात ठेवण्यात आले. उरलेल्यांना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच तीच औषधे वर्षभर दिली गेली. घरच्या रुग्णांचे जेवण निकृष्ट, विश्रांतीही कमी. तरीही गुण जवळजवळ सारखाच आला. आरोग्यधामांची सद्दी संपली आणि गरिबाला घरबसल्या उपचार मिळू लागले. हे यश लहान नव्हे.

परंतु त्या अभ्यासापुढील प्रश्न औषध कोठे द्यावे, हा होता. अर्धपोटी माणसाला क्षय का जडतो, याचा निवाडा त्यात नव्हताच. शास्त्राने एका प्रश्नाचे उत्तर द्यावे आणि प्रशासनाने ते दुसऱ्याच प्रश्नाचे म्हणून वापरावे, असा हा प्रकार झाला. त्यात सोय होती, कारण गोळी वाटणे धान्य वाटण्यापेक्षा सोपे असते.

राहिलेला प्रश्न झारखंडच्या चार जिल्ह्यांत विचारला गेला. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी २०१९ ते २०२२ या काळात २८०० रुग्णांच्या घरांतील १०,३४५ आप्तांवर लक्ष ठेवले. शिधा सर्वच रुग्णांना मिळाला. साधारण निम्म्या आप्तांना मात्र दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्याही देण्यात आल्या. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : शिधा मिळालेल्या आप्तांत क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी, तर त्याच्या संसर्गजन्य फुप्फुसीय प्रकाराचे ४८ टक्क्यांनी कमी आढळले. लस नव्हे, डाळभात!

शासन अगदीच स्वस्थ बसले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१८ पासून रुग्णाला दरमहा ५०० रुपये मिळू लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. आप्तांसाठीही शिधा देण्याचे ठरले आहे. तथापि त्याचा भार मुख्यतः स्वेच्छेने पुढे येणाऱ्या ‘निक्षय मित्रां’वर टाकला आहे. दात्याचा उत्साह आटला की ताटातील वाढपही आटते. ज्या उपायाने घरातील रोग इतका रोखला जातो, तो देणगीवर का सोडावा? २०२५ पर्यंत क्षयाचे निर्मूलन करण्याची घोषणा २०१८ साली झाली होती. २०१५ मध्ये दर लाख लोकसंख्येमागे २३७ नवे रुग्ण होत. २०२३ मध्ये ते १९५ होते. उतार आहे, पण उद्दिष्ट ८० टक्के घटीचे होते.

रास्त धान्य दुकानांची यंत्रणा तर गावोगाव उभी आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबाला माणशी पाच किलो धान्याची हमी दिली. त्या हमीत डाळ नाही.