एकशे दहा मिनिटांचे औषध

कर्करोग शरीरात कुठवर पसरला आहे, हे पाहण्यासाठी डॉक्टर पेट स्कॅन लिहून देतात. स्कॅनआधी शिरेतून एक इंजेक्शन देतात. त्यातले औषध बहुधा त्याच दिवशी, पहाटे केव्हातरी तयार झालेले असते. आदल्या दिवशी करून ठेवावे म्हटले तर ते शक्य नाही.

या औषधाचे नाव एफडीजी. ग्लुकोजच्या रेणूतला एक घटक काढून तिथे किरणोत्सारी फ्लोरिन-18 बसवलेला असतो. कर्करोगाच्या अनेक पेशी साखरेच्या हावऱ्या असतात. त्या ही साखरही आत ओढून घेतात, पण पुढे पचवू शकत नाहीत. ती तिथेच अडकते, आणि बाहेरच्या यंत्राला तिचा ठावठिकाणा कळतो. मेंदूही साखरेवरच चालतो, म्हणून निरोगी माणसाच्या स्कॅनमध्येही तो उजळलेला दिसतो.

अडचण आहे ती फ्लोरिन-18 ची. त्याचे अर्धायुष्य सुमारे 110 मिनिटे, म्हणजे तेवढ्या वेळात ते निम्मेच उरते. सकाळी सहाला मुंबईहून निघालेली कुपी तीन तासांनी पुण्यात पोचली, तर तिच्यातली जेमतेम एक तृतीयांश सक्रियता उरते. त्यामुळे तिप्पट माल करूनच गाडी सोडावी लागते.

1976 च्या ऑगस्टमध्ये हे औषध पहिल्यांदा माणसाला दिले गेले, तेही असेच धावपळीत. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत ते बनले, विमानाने फिलाडेल्फियाला गेले आणि तिथे डॉ. अबास अलावी यांनी ते दोन निरोगी स्वयंसेवकांना टोचले. पण ब्रुकहेवनची पद्धत कष्टाची होती आणि हाती फार थोडे लागत असे. खरी वाट मोकळी झाली 1986 मध्ये, जर्मनीतल्या युलिश इथे. हामाखर, कोनेन आणि श्टोक्लिन या तिघांनी अशी रीत शोधली की निम्म्याहून अधिक फ्लोरिन साखरेला जोडले जाऊ लागले. पायऱ्या थोड्या आणि ठरावीक असल्याने हे काम यंत्राकडे सोपवता आले.

आज ते असे चालते. ऑक्सिजन-18 ने समृद्ध केलेले काही मिलिलिटर पाणी सायक्लोट्रॉन या कणांना वेग देणाऱ्या यंत्रात ठेवतात. हा ऑक्सिजन निसर्गात हजारांत दोनच अणू इतका विरळ, म्हणून हे पाणी महाग. त्यावर वेगवान प्रोटॉन आदळले की ऑक्सिजनचा फ्लोरिन होतो. हे पाणी बारीक नळीतून शिशाच्या जाड भिंतींच्या कपाटात जाते. त्याला हॉट सेल म्हणतात. आत एक छोटे यंत्र असते आणि त्यावर एकदाच वापरायची प्लास्टिकची कॅसेट. रेझिन फ्लोरिन धरून ठेवते, पाणी वेगळे निघते. मग फ्लोरिन सोडवायचा, पूर्ण कोरडा करायचा, साखरेच्या पूर्वरूपाशी तापवायचा, साखरेवर तात्पुरते बसवलेले संरक्षक गट उतरवायचे, गाळायचे. झडपा संगणकाच्या हुकमाने उघडतात-मिटतात. अर्ध्या तासाच्या आसपास औषध कुपीत उतरते.

हे स्वयंचलन सोयीपुरते आहे असे मला वाटत नाही. इतक्या किरणोत्सर्गाजवळ रोज हात घालणारा रसायनतज्ज्ञ वर्षभरात स्वतःच रुग्ण होण्याच्या वाटेला लागेल. शिवाय घाईत हाताने केलेले काम रोज सारखे उतरत नाही, आणि इथे घाई टळत नाही.

तरीही शेवटचा शब्द माणसाचाच. आम्लता, शुद्धता, जिवाणूजन्य विषांचा अंश, गाळणी फाटली नाही ना, हे सगळे तपासूनच कुपी बाहेर पडते. निर्जंतुकतेच्या पूर्ण चाचणीला मात्र चौदा दिवस लागतात, म्हणजे तो निकाल येईपर्यंत औषध केव्हाच संपलेले असते. म्हणूनच प्रत्येक पायरीची शिस्त एवढी कडक ठेवावी लागते.

भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन 2002 मध्ये मुंबईत, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये बसला. त्याआधी आपल्याकडे पेट स्कॅन होत नव्हते.

तुमच्या घरात कुणाची पेट स्कॅनची वेळ ठरली असेल, तर सांगितले तितके तास उपाशी राहा, मधुमेह असल्यास आधीच कळवा आणि वेळेवर पोचा. जाणे जमणार नसेल तर आदल्या दिवशीच फोन करा. तुमच्या वाट्याची मात्रा उद्यासाठी ठेवता येत नाही; वेळीच कळले तर ती दुसऱ्या रुग्णाला देता येते.