जुनी गाडी मिसिंग करते तेव्हा



ॲम्बेसिडर निघणे २०१४ साली बंद झाले, तरी जुनी पेट्रोल गाडी जपणारे आहेतच. अशी गाडी कधी ठीक चालते, कधी मिसिंग करते. रात्री म्हसवडहून आजारी माणूस घेऊन साताऱ्याला निघाल्यावर हा खेळ परवडत नाही.

सगळे पार्ट एकदम बदलू नका. दोष केव्हा येतो ते आधी पाहा. इंजिन तापल्यावरच येत असेल तर कॉईल, कंडेन्सर तपासा. चढालाच येत असेल तर प्लग व वायरी. लांब पळवल्यावर दम तुटत असेल तर पेट्रोल फिल्टर, कार्बोरेटरमधला कचरा. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा. चिरलेल्या वायरीतून ठिणगी उडताना दिसते. हात मात्र लावू नका!

ऊस पिवळा पडला की आम्ही आधी मुळे पाहायला सांगतो, खत मागाहून. इथेही तेच. एका वेळी एकच पार्ट बदला, म्हणजे दोष नेमका सापडेल.