आद्याक्षरांचा उंबरा

काही वर्षांपूर्वी मी संगणकावर मराठी टंकायला शिकत होतो. कवितेत ‘दऱ्या’ लिहावे, तर पडद्यावर ‘दर्या’ उमटे. डोंगराचा समुद्र! शेवटी इंटरनेटवर संगणकप्रेमींच्या एका गटात विचारले. उत्तर आले चारच अक्षरांचे : आर.टी.एफ.एम. मी बी.ए., म्हणजे स्वतःही आद्याक्षरे मिरवणारा. मला वाटले, हे एखाद्या सॉफ्टवेअरचे नाव असावे. दोन दिवस शोधत बसलो. मग पुतण्याने संकोचत अर्थ सांगितला : ‘माहितीपुस्तिका वाच की!’ आणि मधल्या ‘एफ’मध्ये एक इंग्रजी शिवी दडलेली.

अशी बोली घडते ती आधी कंटाळ्यातून. रोज तेच तेच लिहिणारा हात शब्द आखडतो. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७५ साली संगणकवाल्यांच्या या बोलीचा कोशच सुरू झाला. १९८३ मध्ये त्याचे पुस्तक निघाले. पण नुसत्या कंटाळ्यावर ती टिकत नाही. खूण ज्याला कळते तो घरचा, बाकीचे उंबऱ्याबाहेर, यातही एक सुख असतेच.

आपण तरी कुठे वेगळे? ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’, हे मला शाळेत कळले. आमच्या घरच्या पत्रांच्या माथ्यावर ७८६ असे; बिस्मिल्लाच्या अक्षरमूल्यांची ती बेरीज. माझ्या वर्गमित्राला तो घरनंबर वाटला होता.

ही झाली गंमत. अब्बांची हयात शहरात यंत्रमागावर गेली. गावी परतल्यावर ते विहिरीसाठी कर्ज मागायला गेले. तिथे चिठ्ठीवर ‘७/१२’ लिहून मिळाले. अब्बांनी ती तारीख समजली आणि ७ डिसेंबरला, इस्त्रीचा सदरा घालून, पुन्हा हजर झाले. सगळे हसले. गाव नमुना सातमध्ये जमिनीवरचे हक्क आणि बारामध्ये पिके नोंदवतात, एवढे एक वाक्य कुणीतरी आधी सांगायला हवे होते. मुदत टळली होती. त्या वर्षी विहीर झाली नाही.

‘दऱ्या’चे कोडे मला पुढे सुटले. परवा त्याच गटात एका मुलाने तेच विचारले. मी ऐटीत लिहिले, ‘झेड.डब्ल्यू.जे. टाक.’

‘काका, म्हणजे काय?’

मी पुन्हा लिहायला बसलो : आधी ‘र’, मग पायमोड, मग शून्य रुंदीचा, डोळ्यांना न दिसणारा सांधा, आणि त्यानंतर ‘या’.