फी माफ, पण भाकरीचे काय?

गडहिंग्लजहून चंदगडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे नेसरी लागते. प्रतापराव गुजर आणि त्यांच्या सहा साथीदारांनी 1674 साली जिथे देह ठेवला, ते हेच. नोकरीच्या निमित्ताने माझे आयुष्य पुण्यात गेले. पण गणपतीला गाव चुकत नाही.

यंदा मूर्ती बसते न बसते तोच शेजारचा शेतकरी ओसरीवर येऊन बसला. चहा झाला तरी तो उठेना. शेवटी म्हणाला, "अण्णा, पोरीला कोल्हापुरात फार्मसीला नंबर लागला. फी माफ हाय म्हणत्यात. मग घोडं अडतंय कुठं, तेच मला कळंना."

खरोखरच, राज्य सरकारने 2024 पासून अनेक व्यावसायिक अभ्यासक्रमांतील मुलींची फी, घरच्या उत्पन्नाची मर्यादा घालून, माफ केली आहे. मी कागद-पेन्सिल घेतली आणि आम्ही दोघे हिशेबाला बसलो. फी: शून्य. मेस: महिन्याला 3,000. भाड्याच्या खोलीतील एक कॉट: 1,500. पुस्तके, प्रयोगशाळेचा पांढरा कोट, एसटीचे भाडे, आजारपण. कागद भरत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला. घरी भातशेती, दोन म्हशी आणि डेअरीचे बिल. यापलीकडे काही नाही.

"एक म्हस काढतो," तो म्हणाला.

म्हैस काढली की पहिले सहा महिने निघतील. पुढे? म्हशीबरोबर डेअरीचे निम्मे बिलही जाणार! दाराशी उभी असलेली त्याची मुलगी काहीच बोलली नाही. तिचे लक्ष माझ्या हातातल्या कागदावर होते.

वाचकहो, तो कागद मला नवा नव्हता. 1974 साली असाच एक कागद मी स्वतः लिहिला होता.

पत्र्याची ट्रंक, तांदळाचे गाठोडे आणि नाचणीच्या पिठाची पिशवी घेऊन मी कोल्हापुरात उतरलो, तेव्हा वाटले होते की कॉलेजात नाव लागले म्हणजे निम्मी लढाई जिंकली. आम्ही एका खोलीत चौघे राहत होतो. एक चंदगडचा, एक आजऱ्याचा मुसलमान मुलगा, एक शिरोळकडचा जैन आणि मी. चौघांच्या घरचे देव निराळे, सण निराळे. पण महिनाअखेरची काळजी एकच. शिष्यवृत्ती मंजूर झाल्याचा कागद ऑगस्टमध्ये आला आणि पैसे आले मार्चमध्ये! मधले सात महिने विद्यार्थ्याने काय खायचे, याचा रकाना त्या कागदावर नव्हता.

ऑक्टोबरात मी ट्रंक भरली. खाणावळीच्या मावशींचे दोन महिन्यांचे बिल थकले होते. गावाकडून पैसे पाठवतो, एवढे सांगून निघायचे ठरवले. मावशींनी माझे बोलणे संपूही दिले नाही. ताट पुढे सरकवून म्हणाल्या, "आधी जेव. पैसे आल्यावर दे. पळून जाऊ नकोस म्हणजे झालं." त्याच आठवड्यात एका प्राध्यापकांनी मला कॉलेजच्या वाचनालयात रोज तीन तासांचे काम लावून दिले. ट्रंक पुन्हा कॉटखाली गेली. मी पदवीधर झालो तो या दोन माणसांमुळे, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

परंतु प्रत्येक गरीब मुलाला अशी मावशी भेटेलच असे नाही. दयाळू माणूस भेटणे हा योगायोग असतो. योगायोगावर शिक्षण चालत नाही, हे कोल्हापूरच्या राजाने फार पूर्वी ओळखले होते.

राजर्षी शाहू महाराजांनी 1896 साली राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. ते सर्वांना खुले होते. पण त्याचा लाभ पुढारलेल्या समाजाच्या मुलांनाच मिळाला. दार उघडे ठेवल्याने खेड्यातला मुलगा आत येत नाही, हा धडा महाराजांनी त्यातून घेतला. मग 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग, 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग, 1907 मध्ये लिंगायत आणि 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, अशी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. आजही दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्यापाशी उभे राहिले तर यांतली काही भोवताली दिसतात. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगाच नव्हे.

आज कुणी विचारील, जातवार वसतिगृहे कशासाठी? त्या काळी एका पंगतीला बसण्याची समाजाची तयारी नव्हती, आणि पंगत सुधारेपर्यंत मुलांना उपाशी ठेवण्याची महाराजांची तयारी नव्हती. ती पुढची पायरी कुंभोजच्या भाऊराव पाटलांनी चढली. ते स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेले. त्यांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली साताऱ्याला वसतिगृह सुरू करून सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. पंगत वाढत गेली आणि कोठार रिकामे होत गेले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. मंगळसूत्रही राहिले नाही. 1947 मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि 'कमवा आणि शिका' ही योजना कॉलेजच्या पातळीवर आली. अंगमेहनत करून मुलगा शिकू लागला. त्यात त्याला कुणापुढे हात पसरावा लागला नाही, हे मला सर्वांत मोलाचे वाटते.

भाकरी आणि निवारा यांच्या जोडीला आणखी एक वस्तू लागते. ती म्हणजे वेळ. दिवसभर कचेरीत राबणारा कारकून दुपारच्या वर्गाला कसा येणार? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा तेथे सकाळचे वर्ग ठेवले. सकाळी विद्यार्थी, मग नोकरदार! घड्याळाचे काटे थोडे फिरवल्याने केवढे दार उघडले!

गंमत पाहा. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले त्याच 1901 साली अमेरिकेत, इलिनॉय राज्यातील जोलिएट गावी, एका हायस्कुलाच्या आधाराने छोटे कॉलेज सुरू झाले. घराजवळ, कमी खर्चात शिकवणाऱ्या तिकडच्या सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजांत ते सर्वांत जुने. आज अशा अनेक कॉलेजांत ग्रंथालयाबरोबर धान्याचे कपाटही असते. भुकेल्या विद्यार्थ्याने यावे आणि शिधा न्यावा. श्रीमंत देशालाही अखेर स्वयंपाकघराकडेच वळावे लागले.

आपल्याकडे आज सरकारी वसतिगृहे आहेत. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, स्वाधार योजना आहे. पात्र मुलांनी त्यांचे अर्ज जरूर भरावेत. पण मेसचे बिल पहिल्या महिन्याला येते आणि अर्जाला वेळ लागतो. मुले गळतात ती या मधल्या खिंडीत. नापास झालेल्याचे नाव निकालात दिसते; ट्रंक भरून निघून गेलेल्याचे नाव कुठेच दिसत नाही.

म्हणून त्या रात्री मी कोल्हापूरच्या दोन जुन्या खोलीसोबत्यांना फोन केला. आजऱ्याचा मित्र म्हणाला, "मावशींचे बिल फेडले, पण ते सात महिने अजून अंगावर आहेत." तिघांनी मिळून मुलीच्या पहिल्या सहा महिन्यांच्या मेसची आणि कॉटची जबाबदारी घेतली. भत्ता आला तर तिने ते पैसे पुढच्या वर्षीच्या एखाद्या मुलीसाठी ठेवायचे, एवढीच अट. निर्वाह भत्त्याचा अर्जही आम्ही दुसऱ्या दिवशी ओसरीवरच भरला.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात वार लावून शिकलेल्या आजोबांची गोष्ट सांगितली जाते. ती गोष्ट सांगताना आपल्या गल्लीतल्या कॉट-बेसिसवरच्या खोलीत कोण राहते, त्या मुलाने आज जेवण केले का, एवढी चौकशी केली तरी पुष्कळ होईल. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती 1955 पासून असेच काम करीत आली आहे; पण प्रत्येक शहराला अशी बरीच घरे लागतात.

निघायच्या दिवशी मुलगी थांब्यावर आली. बरोबर बाप होता, आणि ट्रंकेऐवजी चाकांची बॅग. नाचणीच्या पिठाची पिशवी मात्र तीच.

"मी पैसे परत देतो, आजोबा," ती म्हणाली. आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात.

"मला नको," मी म्हणालो, "पुढच्या मुलीला दे."

गाडी सुटली. बाप थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिला, मग घड्याळ पाहून म्हणाला, "चला अण्णा, धारंची वेळ झाली. दोन्ही म्हशी वाट बघत असतील."