माणसांपेक्षा मेंढरे जास्त असलेला देश



गोठ्यातली गाय रवंथ करता करता मधूनच ढेकर देते, तिकडे आपले लक्षही जात नाही. त्या ढेकरेतून मिथेन नावाचा वायू बाहेर पडतो. गोबरगॅसच्या शेगडीत जळतो तोच हा वायू. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्म जंतू राहतात. माणसाला न पचणारे गवत व कडबा ते आंबवतात, म्हणून तर गवताचे दूध होते. या आंबवण्यातच मिथेन तयार होतो व बहुतेक सगळा तोंडावाटे निघून जातो. मागच्या बाजूने जातो तो अगदी थोडा, लोक काहीही म्हणोत.

मिथेन हवेत सुमारे १२ वर्षे टिकतो. तरीही शंभर वर्षांचा हिशेब धरला, तर उष्णता कोंडून ठेवण्यात एक किलो मिथेन सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा ठरतो.

जगातील गुराढोरांच्या पोटातून वर्षाला अंदाजे १० कोटी टन मिथेन निघतो. जगाची वस्ती ८०० कोटी, म्हणजे माणशी १२-१३ किलो झाला. आता न्यूझीलंडचा हिशेब पाहा. माणसे ५० लाखांहून थोडी अधिक आणि मिथेन सुमारे १० लाख टन. माणशी जवळजवळ २०० किलो! जगाच्या सरासरीच्या पंधरा-सोळा पट.

कारण उघड आहे. त्या देशात गाईगुरे कोटीच्या घरात व मेंढ्या सुमारे अडीच कोटी आहेत. १९८२ साली तर मेंढ्या ७ कोटी होत्या. पुढे सरकारी अनुदाने बंद झाली, लोकरीचे भाव पडले आणि मेंढ्यांची कुरणे दुभत्या गाईंकडे गेली.

पण यावरून तेथील शेतकऱ्याला दोषी ठरवणे मला रास्त वाटत नाही. तेथील सुमारे ९५ टक्के दूध भुकटी, लोणी, चीज होऊन परदेशी जाते. खाणारे दुसरे, नावे मात्र त्यांच्या. शिवाय गाई जवळजवळ वर्षभर हिरव्या कुरणात चरतात व भरपूर दूध देतात, त्यामुळे लिटरमागे पडणारा वायू जगात कमीतकमी असणाऱ्यांपैकी आहे. तरीही देशाच्या एकूण उष्णतावर्धक वायूंपैकी निम्मा भाग शेतीतून येतो, आणि तो दुर्लक्षून चालत नाही.

संशोधनासाठी जनावरांवर कर बसवण्याचे २००३ मध्ये निघाले, तेव्हा शेतकरी खवळले. एका खासदाराने तर संसदेच्या पायऱ्यांवर ट्रॅक्टर चढवला! कर मागे पडला. २०२२ मध्ये पुन्हा तशी योजना आली, तीही पुढील सरकारने सोडून दिली. २०५० पर्यंत मिथेन २४ ते ४७ टक्के घटवण्याचे ठरले होते. ते २०२५ मध्ये १४ ते २४ टक्क्यांवर आणल्याचे जाहीर झाले. वायू कमी करणारी औषधे आहेत, पण ती रोज चाऱ्यात मिसळावी लागतात. रानात चरणाऱ्या जनावराला ती द्यायची कशी? म्हणून कमी मिथेन सोडणाऱ्या मेंढ्यांची निवड करून पैदास चालली आहे. अशा कळपात सुमारे १० टक्के फरक दिसला.

आपल्याकडे काय? २०१९ च्या पशुगणनेत भारतात गाई-म्हशी मिळून ३० कोटी भरल्या, त्यामुळे एकूण वायू प्रचंड. पण २०१६ च्या सरकारी हिशेबाने माणशी तो ८ किलोच्या आसपास, सरासरीहून कमीच. आपले दुखणे निराळे आहे. भाकड व अर्धपोटी जनावरही वायू सोडते, दूध मात्र देत नाही. नुसत्या वाळल्या कडब्यावर गाय ठेवली तर दूध थोडे आणि लिटरमागे वायू जास्त. कडब्याची कुट्टी करून तीत लसूणघास, बरसीम किंवा सुबाभळीचा पाला मिसळावा, क्षारमिश्रण द्यावे. सुबाभूळ मात्र बेताने, फार झाल्यास ती जनावराला बाधते.