जेरी राइस हाती का लागत नसे?

अमेरिकन फुटबॉलमध्ये खेळाडू पारखताना एक आकडा फार मानला जातो. चाळीस यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर अंतर तो किती सेकंदांत कापतो? पुढे धावत जाऊन चेंडू झेलणाऱ्याला वाइड रिसीव्हर म्हणतात, आणि त्याने हे अंतर साडेचार सेकंदांच्या आसपास कापावं अशी अपेक्षा असते. जेरी राइसची वेळ 4.7 सेकंदांच्या घरातली होती, असं सांगतात. या पातळीवर ती मध्यमच. तरीही पुढची वीस वर्षं देशातले चपळातले चपळ बचावपटू त्याच्या मागे धावत राहिले. या खेळात सरासरी कारकीर्द तीन-साडेतीन वर्षांत संपते, हा खेळाडूंच्या संघटनेचाच हिशेब आहे. मग हा माणूस वीस वर्षं टिकला कसा, आणि घड्याळ ज्याला मध्यम ठरवतं तो मैदानावर कुणाला सापडेना कसा? हे कोडं उलगडत जावं तसा माझा अचंबा वाढतच जातो.

आधी खेळाविषयी थोडं. अकरा विरुद्ध अकरा, शंभर यार्डांचं मैदान. चेंडू ज्यांच्याकडे असेल त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. समोरच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाऊन, सहा गुण. चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक. रिसीव्हर बहुधा कडेला उभा असतो, आणि त्याला अडवायला समोर कॉर्नरबॅक. एकेक प्रयत्न काही सेकंदांत आटोपतो, पण त्या सेकंदांत बावीस जणांनी काय करायचं हे आधी ठरलेलं असतं.

राइसचा जन्म 1962 सालचा. मिसिसिपी राज्यातल्या क्रॉफर्ड नावाच्या खेड्यात तो वाढला, आठ भावंडांतला सहावा. वडील गवंडी होते आणि सुट्टीत मुलं त्यांच्या हाताखाली राबत. जेरी परांचीवर उभा राहायचा आणि भाऊ खालून विटा फेकायचा, कधी कधी एकदम चार. हवेत त्या एकमेकींपासून सुटायच्या आणि त्याने त्या सगळ्या झेलायच्या. वीट ताठ हातांनी झेलता येत नाही, बोटं सोलून निघतात. ती येते त्याच दिशेने हात थोडे मागे नेऊन तिचा जोर जिरवावा लागतो. पुढे चारशे ग्रॅमचा टोकदार चेंडू गरगरत यायचा तेव्हा त्याचे हात नेमकं हेच करायचे.

फुटबॉल मात्र त्याच्या वाट्याला शिक्षा म्हणून आला. शाळा बुडवून तो बाहेर रेंगाळत असताना उपमुख्याध्यापक मागून आले, आणि त्यांना पाहताच पोरगं असं सुसाट पळालं की त्यांनी छड्याही मारल्या आणि फुटबॉलच्या प्रशिक्षकांकडेही पाठवलं. नंतर त्याला मिसिसिपी व्हॅली स्टेट या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी उभ्या राहिलेल्या छोट्या विद्यापीठात जागा मिळाली. तिथे क्वार्टरबॅक विली टॉटन आणि राइस यांची अशी जोडी जमली की 1984च्या हंगामात राइसने 27 टचडाऊन झेलले. त्या विद्यापीठाचं मैदान आज या दोघांच्या नावाने ओळखलं जातं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचे प्रशिक्षक बिल वॉल्श सामन्यासाठी ह्यूस्टनला गेले होते. हॉटेलच्या खोलीत टीव्हीवर त्यांना राइसच्या खेळाची काही दृश्यं दिसली, आणि हा मुलगा त्यांच्या डोक्यातून जाईना. नव्या खेळाडूंची निवड होते तेव्हा दुबळ्या संघाला आधी संधी असते. फोर्टीनाइनर्स नुकतेच विजेते ठरल्यामुळे त्यांचा नंबर सगळ्यांत शेवटी होता. वॉल्श यांनी पुढच्या फेऱ्यांतले हक्क सोडून दुसऱ्या संघाची सोळावी जागा घेतली आणि राइसला निवडलं. त्याआधी दोन रिसीव्हर निवडले गेले होते. 4.7 या आकड्यापलीकडचं काहीतरी वॉल्श यांना दिसलं होतं.

काय दिसलं असेल, ते त्यांच्या खेळपद्धतीतून समजतं. वॉल्श यांचा भर छोट्या, वेळेत बांधलेल्या फेकींवर होता. क्वार्टरबॅक तीन पावलं मागे सरतो आणि तिसरं पाऊल टेकताच चेंडू सोडतो. त्या वेळी रिसीव्हरने मान वळवलेलीही नसते. चेंडू रिकाम्या जागेकडे निघतो आणि ठरल्या क्षणी तिथे पोहोचणं हे रिसीव्हरचं काम. अर्ध्या पावलाचा उशीर झाला तर झेल समोरच्याचा. इथे सरळ रेषेतला वेग पुरत नाही. सगळी मदार वळणावर असते.

वळण्याआधी जवळजवळ प्रत्येक धावणाऱ्याचं शरीर चुगली करतं. पावलं आखूड होतात, छाती वर येते, कंबर किंचित खाली बसते. कॉर्नरबॅक नेमका याच खुणेची वाट बघत असतो. राइसचे जुने सामने संथ गतीने पाहावेत आणि फक्त त्याच्या खांद्यांवर नजर ठेवावी. पहिली काही यार्डं तो असा धावतो की आता थेट शेवटापर्यंतच जाणार. खांदे पुढे झुकलेले, पावलांचा ठेका तोच. मग बाहेरचा पाय रोवला जातो आणि तो आतल्या बाजूला निघालेलाही असतो, वेग मुळीच न मोडता. कॉर्नरबॅकची कंबर अजून मागे पळण्यासाठी वळत असते. कबड्डीतला मुरलेला चढाईपटू खांद्याने एक सांगतो आणि पायाने दुसरंच करतो, तसंच हे. फरक इतकाच की राइस ते पूर्ण धावेत करायचा. त्याच्या सगळ्या वाटांची सुरुवात एकसारखी दिसे, म्हणून वाट कळेपर्यंत उशीर झालेला असे. चाळीस यार्डांच्या चाचणीत एकही वळण नसतं.

पहिल्या वर्षी मात्र त्याच्या हातून इतके झेल सुटले की घरच्या प्रेक्षकांनीही हुर्यो उडवली. मग डिसेंबर 1985मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध त्याने एकाच सामन्यात 241 यार्ड मिळवले आणि गाडी रुळावर आली. 1987च्या हंगामात संपामुळे त्याला बाराच सामने मिळाले, तरी त्याने 22 टचडाऊन झेलून नवा विक्रम केला.

त्याची मेहनत हा तर वेगळाच अध्याय आहे. सरावात पाच यार्डांचा झेल घेतला तरी तो चेंडू घेऊन थेट शेवटच्या पट्ट्यापर्यंत पळत जायचा, दर वेळी. हंगाम संपला की सॅन कार्लोसजवळच्या एजवुड पार्कातली चार किलोमीटरची चढण धावत चढायचा. सोबत धावायला आलेल्या तरुण खेळाडूंची तिथे भंबेरी उडे. सामन्याच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत दमलेल्या बचावपटूपुढे तो ताजातवाना कसा दिसायचा, त्याचं उत्तर त्या चढणीवर आहे. हातमोज्यांवर आपण थोडा चिकट फवारा मारत होतो, हे त्याने 2015मध्ये स्वतःच सांगितलं. असे पदार्थ 1981पासून बंद होते. मला ते खटकतं, आणि लपवावं असंही वाटत नाही. पण बचावपटूला मागे टाकणारं ते वळण फवाऱ्यातून येत नाही.

जानेवारी 1989मध्ये मायामीत झालेली सुपर बोल, म्हणजे अंतिम लढत, मी पुन्हा पुन्हा पाहण्यासारखी मानतो. घोटा आठवडाभर दुखत असताना राइसने 11 झेलांत 215 यार्ड मिळवले. सिनसिनाटी तीन गुणांनी पुढे, सव्वातीन मिनिटांच्या आसपास वेळ शिल्लक, आणि 92 यार्ड कापायचे. क्वार्टरबॅक जो मोंटानाने त्या चढाईत तीनदा राइसला गाठलं, त्यातला एक झेल 27 यार्डांचा. शेवटची फेक मात्र राइसकडे आली नाही. तो आडवा धावत गेला, बचावाचं लक्ष त्याच्याकडे ओढलं गेलं आणि जॉन टेलरने टचडाऊन झेलला. सामनावीर राइस ठरला. चेंडू हातात नसतानाही तो सामना फिरवत होता.

1997च्या पहिल्याच सामन्यात डाव्या गुडघ्याचे दोन स्नायुबंध फाटले. चौदा आठवड्यांत तो परतला, टचडाऊन झेलला आणि जमिनीवर आदळताना त्याच गुडघ्याची वाटी तडकली. मला ही घाईच वाटते. पण पुढच्याच हंगामात त्याने पुन्हा हजारावर यार्ड काढले. 2001मध्ये तो खाडीपलीकडच्या ओकलंड रेडर्सकडे गेला आणि 2002मध्ये, चाळिशी गाठलेल्या वर्षी, 1,211 यार्ड झेलून संघाबरोबर सुपर बोलमध्ये पोहोचला. नंतर काही काळ सिएटल, डेन्व्हरला सराव शिबिर, आणि 2005मध्ये निवृत्ती. 2006मध्ये जुन्या संघाने त्याच्याशी नावापुरता करार केला. रक्कम लिहिली 19,85,806 डॉलर आणि 49 सेंट. 1985 हे पदार्पणाचं वर्ष, 80 हा त्याच्या जर्सीचा क्रमांक, 06 निवृत्तीच्या सोहळ्याचं वर्ष आणि 49 संघाच्या नावातले. प्रत्यक्षात पैसे द्यायचे नव्हतेच.

त्याच्या नावावर 22,895 यार्ड आहेत. दुसऱ्या क्रमांकावरचा लॅरी फिट्झजेराल्ड सतरा हंगाम खेळला, तरी 17,492 वर थांबला. आता हंगामात सामने वाढलेत, फेकीही पूर्वीपेक्षा जास्त होतात आणि नियम रिसीव्हरच्या बाजूने झुकलेत. एका हंगामात हजार यार्ड म्हणजे आजही मानाची कामगिरी. ती एकही वर्ष न चुकता कुणी करत राहिला, तर राइसच्या पुढे जायला त्याला तेविसावा हंगाम उजाडेल.