पोटाच्या जुनाट तक्रारी आणि आयुर्वेदीय वनौषधी

जेवणानंतर पोट फुगणे, करपट ढेकरा, छातीत जळजळ, शौचास साफ न होणे किंवा वारंवार जावे लागणे अशा तक्रारी अनेक महिने अंगावर काढून रुग्ण आमच्या बाह्यरुग्ण विभागात येतात, तेव्हा बहुतेकांनी घरी काही ना काही औषध घेऊन पाहिलेले असते. जिंतूर, गंगाखेड, पाथरी, सेलू असो की पालम-सोनपेठकडील एखादे खेडे असो, ओवा, सुंठ, हिंग व हिरडा घरात असतातच. या औषधांविषयी नातेवाईक दोन प्रश्न आवर्जून विचारतात : ती खरोखर गुणकारी आहेत काय, आणि ती किती दिवस घ्यावीत? आमचे मत थोडक्यात असे की, या वनौषधींना उपचारात निश्चित स्थान आहे. परंतु ते निदानानंतरचे आहे, निदानाऐवजी नव्हे.

शास्त्राची भूमिका

आयुर्वेदाने पचनशक्तीला, म्हणजे अग्नीला, आरोग्याचा आधार मानले आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील पंधरावा अध्याय ग्रहणीच्या विकारांविषयी आहे. खाल्लेले अन्न पचेपर्यंत धरून ठेवणे व पचल्यावर पुढे सोडणे हे ग्रहणीचे कार्य. अग्नी मंद झाला की अन्न अर्धवट पचते आणि मल कधी घट्ट, कधी पातळ होतो. आधुनिक वैद्यकातील इरिटेबल बॉवेल सिंड्रोम या विकाराशी हे वर्णन बरेच जुळते, तथापि दोन्ही एकच असे मानता येत नाही.

ही विद्या मराठवाड्याला परकी नाही. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजेच आपल्या परिचयाचा हेमाडपंत, याने तेराव्या शतकात वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली. आधी रोगाची परीक्षा करावी व नंतर औषधाचा विचार करावा, हा क्रम चरकानेच घालून दिला आहे. म्हणून तपासणीचा आग्रह हा आयुर्वेदाला विरोध नसून त्याच्याच शिस्तीचे पालन आहे.

तक्रारीनुसार औषध

पोटाच्या सर्व तक्रारींवर एकच चूर्ण चालत नाही. पोट फुगणे व वायू धरणे यांवर हिंग्वाष्टक चूर्ण प्रसिद्ध आहे. सुंठ, मिरे, पिंपळी, अजमोदा, सैंधव, जिरे, शहाजिरे व हिंग ही त्यातील आठ द्रव्ये. ते तुपात कालवून जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घेण्याची पद्धत आहे. मात्र ते उष्ण असल्यामुळे छातीत व पोटात जळजळ होणाऱ्याने ते टाळावे. त्यात मीठ असल्याने रक्तदाबाच्या रुग्णानेही विचारूनच घ्यावे.

आम्लपित्तावर अविपत्तिकर चूर्ण दिले जाते. त्यात निशोत्तर हे रेचक द्रव्य असते आणि साखरेचे प्रमाण बरेच असते. मधुमेही रुग्णांना याची कल्पना नसते. मलावरोधावर हिरडा, बेहडा व आवळा यांचे त्रिफळा चूर्ण रात्री कोमट पाण्याबरोबर घेतात. इसबगोलाचा भुसा पाणी धरून ठेवून मल मऊ करतो. आधुनिक वैद्यकही तो देते. तो भरपूर पाण्याबरोबरच घ्यावा, अन्यथा घशात वा आतड्यात अडकण्याची भीती असते. सोनामुखी असलेली जुलाबाची चूर्णे मात्र रोज घेऊ नयेत. त्यांचा अतिरेक झाल्यास शरीरातील पोटॅशियम कमी होऊ शकते.

वारंवार पातळ शौचास होत असल्यास कच्च्या बेलफळाचा गर व कुड्याची साल ही परंपरागत औषधे आहेत. ग्रहणीविकारात चरकाने ताकाची विशेष प्रशंसा केली आहे. दूध न पचणाऱ्या अनेकांना ताक सोसते, कारण विरजण लागताना दुधातील साखरेचा काही भाग कमी होतो. जेवणात मऊ भाकरी, वरण व ताजे ताक असणे हाही उपचाराचाच भाग आहे.

औषध बदलण्यापूर्वी तक्रारीचे कारणही शोधावे. वेचणीच्या किंवा ऊसतोडीच्या दिवसांत दुपारपर्यंत केवळ चहावर राहणे, तंबाखू आणि दुकानातून मनाने आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्या यांमुळे जठराला इजा होते. अशा गोळ्या चालू ठेवून चूर्ण घेतल्यास जखम भरत नाही. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळेही जठरात व्रण होतो. या शोधासाठी बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या संसर्गावर प्रतिजैविकांचा ठराविक दिवसांचा उपचार पूर्ण घ्यावा लागतो.

घरगुती उपाय कधी थांबवावा?

पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास विलंब न करता तपासणी करावी : विनाकारण वजन घटणे, शौचावाटे रक्त पडणे किंवा डांबरासारखा काळा मल, गिळताना अन्न अडकणे, सतत उलट्या, कावीळ, रक्तक्षय, रेंगाळणारा ताप, झोपमोड करणारी वेदना, पोटात गाठ लागणे, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास. लोहाच्या गोळ्यांनीही मल काळसर होतो, परंतु तसा निष्कर्ष वैद्यकीय सल्ल्याविना काढू नये. आतड्याचा क्षय किंवा कर्करोग आरंभी साध्या अपचनासारखाच भासू शकतो.

याहून तातडीची बाब हृदयविकाराची आहे. छातीत वा पोटाच्या वरच्या भागात दडपण, घाम, दम लागणे, वेदना जबड्याकडे किंवा हाताकडे जाणे, याला 'गॅस' समजून ओवा-सोडा देत बसू नये. रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

शुद्धतेचा प्रश्न

झाडपाल्याचे औषध अपाय करीत नाही, ही समजूत पूर्णतः खरी नाही. अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ साली प्रसिद्ध झाली, तीत १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. शिशाच्या विषबाधेने पोटात कळा येतात, मलावरोध होतो आणि रक्त कमी होते. म्हणजे ज्या तक्रारीसाठी औषध घेतले, तीच अशुद्ध औषधाने वाढू शकते. यासाठी बाजारातील खुली पुडी घेऊ नये. वेष्टनावर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक व मुदत पाहावी. भस्मे व रसौषधी तज्ज्ञ वैद्याच्या देखरेखीखालीच घ्याव्यात. ज्येष्ठमधाच्या दीर्घकाळ सेवनाने रक्तदाब वाढू शकतो. गर्भवती स्त्रिया, लहान मुले व मूत्रपिंडाचे किंवा यकृताचे रुग्ण यांना कोणतेही चूर्ण मनाने देऊ नये.

नातेवाइकांस व हितचिंतकांस विनंती

वरील धोक्याची लक्षणे नसतील तर साधा उपाय दोन आठवडे करून पाहण्यास हरकत नाही. तेवढ्यात आराम न पडल्यास तपासणी करावी. दवाखान्यात येताना घरी चालू असलेली सर्व औषधे, चूर्णाच्या डब्या-पुड्यांसह, सोबत आणावीत. डॉक्टर रागावतील या भीतीने ती लपवू नयेत. त्यांची माहिती मिळाली तरच पुढील औषध निर्धोकपणे देता येते.

पुष्कळ रुग्ण चूर्णावर वर्ष काढतात ते केवळ श्रद्धेपोटी नव्हे. तपासणीला पैसा लागतो, दिवसाची मजुरी बुडते, आणि चूर्णाची पुडी स्वस्त असते. ही अडचण उपदेशाने दूर होणार नाही. गरजू रुग्णाची तपासणी वेळेत झाली, तर त्याला घरातला ओवा पुरेसा आहे की शस्त्रक्रियेची आवश्यकता आहे, हे वेळीच ठरते. देणगीदारांनी दिलेला प्रत्येक रुपया या निर्णयाची वेळ अलीकडे आणतो.